आधी मला विचारा

सकाळपासून हॉस्पिटलच्या साइटवर एकाही पेशंटचा रिपोर्ट उघडत नव्हता आणि फोन घेऊन घेऊन काउंटरवरच्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. तिने सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला, लॉग डोळ्यांत तेल घालून वाचले. पण घोडं सेटिंगच्या फाइलमधल्या एकाच ओळीपाशी अडत होतं. ती ओळ ठेवली तर रिपोर्ट उघडेनात, काढली तर अख्खी साइटच झोपायची. ओळीच्या डोक्यावर सूचना होती: 'हिला हात लावू नका. बदलायचीच वेळ आली, तर आधी मला विचारा.' खाली बाबांचं नाव. वीस वर्षं हा सर्व्हर त्यांनीच सांभाळला होता. आता त्यांच्या खुर्चीत ती होती.

"आज बरे आहेत, ये," असं आई फोनवर म्हणाली मात्र, ती लॅपटॉप काखोटीला मारून घरी धावली.

बाबांनी चष्मा लावला. स्क्रीनवर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली, ती सूचनाही वाचली, खालचं नावसुद्धा. मग मान डोलावली. तिचा जीव भांड्यात पडला.

"काम चोख आहे हो या माणसाचं," ते म्हणाले. "एवढं लिहून ठेवलंय त्यानं, तर त्यालाच विचारा ना. मला कशाला विचारताय तुम्ही, बाई?"