परग्रहवासीयांची वकील

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा बघू. लहानशी, दोन खाटांची. कपाटावर टीव्ही आहे आणि टीव्हीत पृथ्वीवर हल्ला झालाय. आकाश काळ्या यानांनी झाकून गेलंय. समोर आई, बाबा, डोक्याला रुमाल बांधलेली ताई आणि खांद्यावर आईची काळी शाल घेतलेली धाकटी. उकडत असताना शाल कशाला, असं वाटलं ना? सांगतो.

ही मालिका धाकटीच्या जन्माच्याही आधीपासून चालू आहे. मालिकेत परग्रहवासी येतात, मोठा गाजावाजा करतात आणि दर वेळी फुसके निघतात. म्हणून या घरात एक रीत पडली होती. हल्ल्याचा भाग संपला की त्याच्यावर खटला भरायचा. ताई न्यायाधीश, तिच्या हातात हातोड्याऐवजी लाकडी चमचा. बाबा मालिकेच्या लेखकाचे वकील, ते कायम हरायचे. आई साक्षीदार. ती मध्येच उठून जायची, त्यामुळे तिची साक्ष फार मजेदार व्हायची. आणि धाकटी परग्रहवासीयांची वकील. शाल हा तिचा काळा कोट.

या वेळचे परके मात्र वेगळे होते. ते माणसाच्या अंगात शिरत. बाहेरून काही दिसत नसे, आतून माणूस पोखरला जाई. ताई पहिल्या भागापासून श्वास रोखून बघत होती. "यांनी बरोबर दाखवलंय," ती म्हणाली होती. "असंच असतं."

आज शेवट होता. एका शास्त्रज्ञाला मोठ्या यानात एक लाल बटण सापडलं. त्याने ते दाबलं. जगभरातले परके एका क्षणात विरून गेले. माणसं उठली, कपडे झटकले, एकमेकांना मिठ्या मारल्या. कुणाचे केससुद्धा विस्कटले नव्हते.

संगीत वाजलं. नावं वर सरकायला लागली.

"बटण?" ताई म्हणाली.



"एवढ्या लांबून आले, आणि सगळ्यांचा फ्यूज एकच?"

बाबा दिवसभर लिफ्टच्या बोगद्यात लटकून दुरुस्ती करून आले होते, तरी उठून उभे राहिले. "न्यायाधीश महाराज, माझ्या लेखकाची काही चूक नाही. जाहिराती लागायची वेळ झाली होती. बिचारा काय करणार?"

धाकटी खुदकन हसली. ताई हसली नाही.

"खटला नाही," ती म्हणाली आणि चमचा जमिनीवर टाकला. "आणि उद्या मी दवाखान्यात येणार नाही."

आई ताईची पिशवी भरत होती. तिचा हात पिशवीतच राहिला.

"अगं, असं काय करतेस? डॉक्टर म्हणालेत ना, आता थोडंच राहिलंय."

"मागच्या वेळीही थोडंच होतं, आई."

"तू तरी समजून घे गं, राणी."

"मला बघायचं होतं!" ताईचा आवाज फाटला. "आत शिरलेल्यांशी कसं लढतात ते बघायचं होतं. इतके आठवडे वाट बघितली. आणि यांनी बटण दाबलं. माझ्यात कुठे आहे बटण? बाबा, दाखवा ना! सगळ्या शहराच्या लिफ्ट दुरुस्त करता, मग माझं बटण शोधा की!"

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत काळं ग्रीस होतं. ते अंगठ्याने खरवडत राहिले. आई स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. भांडं भरलं, वाहायला लागलं, तरी नळ बंद झाला नाही.

ताई भिंतीकडे तोंड करून पडली.

धाकटीने चमचा उचलला, शालीला पुसला आणि ताईच्या उशीपाशी ठेवला. मग घसा खाकरला.

"न्यायाधीश महाराज, मला बोलायचंय."

"नको गं. जा."

"एकच सांगते. मी त्यांची वकिली सोडतेय."

ताई वळली नाही. पण भिंतीला विचारल्यासारखं म्हणाली, "का?"

"मला ते बिचारे वाटायचे. सारखे हरतात म्हणून. पण ते अंगात शिरतात." धाकटीने शाल काढली. "मी आता दुसऱ्या बाजूची."

"दुसऱ्या बाजूकडे बटण नाहीये."

"माहितीये."

"मग हरशील."

"बाबा कायम हरतात," धाकटी म्हणाली. "पुढच्या वेळी परत उभे राहतातच ना?"

बाबांनी तोंड फिरवलं. आतला नळ बंद झाला.  ताईचे खांदे हलत होते.

धाकटीने खटल्याची पुढची तारीख मागितली नाही, की ताईला हलवलं नाही. तिने शालीची घडी केली आणि ती पिशवीत ताईच्या रुमालांवर ठेवली. मग दाराशी जाऊन ती खाली बसली. ताईचे बूट समोर ओढून घेतले. दवाखान्यात सलाईनमधून औषध चढलं की ताईचे पाय सुजायचे. म्हणून तिने दोन्ही बुटांच्या नाड्या सोडल्या आणि एकेक भोक मोकळं करत अगदी शेवटपर्यंत सैल केल्या.