तिसऱ्या खोलीतलं भूत

भूतबंगल्यांच्या बाबतीत तो स्वतःला मोठा दर्दी समजायचा. त्याचा दादा भूतबंगला असलेल्या एका मनोरंजन पार्कच्या ऑफिसात साहेब, त्यामुळे पासही फुकट. आज तिथून आल्या आल्या त्याने पार्कवाल्यांची ऑनलाइन सालटी काढली. "तिसऱ्या खोलीतलं भूत मला पाहून कोपराआड तोंड लपवतं. असली लाजरी भुतं पोसता कशाला? घरी पाठवा."

संध्याकाळी जेवताना त्याने पार्कचं उत्तर ऐटीत वाचून दाखवलं. "क्षमस्व. त्या भुताला आजच कामावरून काढलं आहे."

"भावजी, तुम्हाला तर भुतंसुद्धा टरकून असतात," म्हणत वहिनी दादाला वाढायला वाकली आणि थबकली. "अहो, कानामागे हा पांढरा रंग कसला?"

घास हातात धरून त्याने दादाकडे पाहिलं.



दादाने कोपराआड तोंड लपवलं.