नवी डिस्क

रणवीर अपघातात गेल्यापासून विजयमालाबाई रोज संध्याकाळी त्याच्या खोलीतला जुना लॅपटॉप चालू करून ठेवायच्या आणि स्वयंपाकाला लागायच्या. हार्ड डिस्कवर बॅड सेक्टर, म्हणजे खराब झालेले भाग, वाढत चालले होते. आतून सारखी टकटक ऐकू यायची.

दादाचे फोटो जातील या धास्तीने धाकट्या भक्तीने तो लॅपटॉप वाडीतल्या दुकानातून दुरुस्त करून आणला.

"आई, एकूण एक फोटो वाचला. दुकानवाले भाई म्हणाले, वेळेवर आणलंत, बेन. नवी डिस्क टाकलीय, आता जरासुद्धा वाजत नाही बघ."

पोळी लाटता लाटता थांबून विजयमालाबाईंनी खोलीकडे कान लावला.

&nbsp;

"जुनी डिस्क परत द्या म्हणावं त्यांना. इथून ऐकलं की वाटायचं, पोरगं आत टाइप करत बसलंय."