पॉज

टीव्हीवरचं अस्वल रोज गोष्ट अर्ध्यावर सोडायचं आणि म्हणायचं, "आता मला बंद करा. उरलेली गोष्ट घरच्यांकडून पुस्तकातून वाचून घ्या."

शाळा सुटल्यापासून पुस्तकाला हात न लावलेला वायरमन बाबा कुरकुरला, "गोष्ट अस्वलाची आणि घसा माझा." पण लेकीपुढे कुणाचं चालतं? रडतखडत त्याने वाचायला घेतलं.

कोल्ह्याने सशाच्या दारावर थाप मारली, तेवढ्यात लेकीने बाबावरच रिमोट रोखला. "बाबा, पॉज. मी सू करून येते."

बाबा पानावर बोट ठेवून, आ वासून, जागच्या जागी थिजला.

ती परत आली, तेव्हाही बाबा तसाच आ वासून बसला होता.



बोट मात्र शेवटच्या पानावर होतं.