दीक्षा पेपर वाचेपर्यंत

दीक्षानं डोळे मिटले, की धम्मपाल तिच्यावर वाकायचा. तिचा श्वास चाललाय का, ते हळूच बघायचा.

फ्रँकफर्टहून विमान उडून दोन तास झाले होते. टोरंटो अजून सहा तास लांब. खाली नुसता समुद्र. इथं हिला काही झालं तर विमान उतरवणार कुठं?

निघायच्या आठ दिवस आधी, उचगावच्या घरी पासपोर्ट शोधताना, कपाटातल्या साड्यांखाली त्याला ते पत्र सापडलं होतं. मेंदूच्या डॉक्टरांचं, इंग्रजीत. एस.टी. डेपोत मेकॅनिक असलेल्या धम्मपालला त्यातले मोजकेच शब्द कळले. डी. कांबळे. ब्रेन ट्यूमर. ऑपरेशन. अर्जंट. तेवढेच शब्द त्यानं पुन्हापुन्हा वाचले.

दीक्षाची अर्धशिशी पंधरा वर्षांची. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तिच्या डोक्याचा स्कॅन काढला. धम्मपाल मोटरसायकलवरून पडला होता, म्हणून त्याचाही काढला. रिपोर्ट आणायला तीच गेली आणि हसत घरी आली.

"माझं डोकं झकास हाय. आन् तुमच्या डोक्यात तर काय न्हाईच म्हणत्यात डॉक्टर!"

तोही हसला होता.

पत्र हातात घेऊन तो तिला जाब विचारायला निघाला. दीक्षा स्वयंपाकघरात फळीला कागद टेकवून टोरंटोच्या परिषदेत वाचायच्या पेपरची तालीम करत होती. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या बायकांवरचा पेपर. तिची आई तानूबाई त्यातलीच. शेडमधल्या खडखडाटानं म्हातारीचे दोन्ही कान गेले होते. आता तिची कॉलेजात शिकवणारी लेक ते सगळं जगासमोर मांडणार होती. धम्मपाल दारातूनच मागं फिरला. ह्याच्यासाठीच हिनं दुखणं लपवलंय. वाचू दे आधी. मग बोलू.

विमान एकदम हादरलं. पट्टे बांधायची सूचना झाली. धम्मपालची बोटं थरथरत होती, बक्कल काही केल्या लागेना. शेवटी दीक्षानंच लावलं.

"भ्यालासा व्हय?"

"मी? एस.टी.च्या खाली झोपणारा माणूस मी."

"मग हात का असा करताय?"

"गार लागतंय."

तिनं अंगावरची शाल काढून त्याच्या अंगावर घातली. स्वतःची अशी गत असून ही माझीच काळजी करत बसलीय, असं त्याला वाटलं.

"डोकं दुखतंय काय?" त्याला राहवलं नाही.

"न्हाय. तुमचं?"

"जरासं. आठ दिवस झोप कुठं हाय?"

दीक्षानं खिडकीकडं तोंड फिरवलं. काचेत तिचे भरलेले डोळे दिसत होते. त्यानं तिचा हात धरला.

"परिषद तीन दिवसांची. दोन महिने राहून काय करायचं गं? लवकर परत जाऊ की."

"लायब्ररीत काम हाय माझं."

"ते फिरून कधीतरी कर."

"बघू," ती म्हणाली. तिची पकड एवढी घट्ट झाली, की त्याची बोटं दुखायला लागली.

उरलेले तास त्यानं तिच्याकडं बघत काढले. एकदा ती हाका मारूनही उठेना, तेव्हा त्यानं दोन्ही खांदे धरून तिला हलवलं. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "अवो, झोपलेली मी," ती पुटपुटली. धम्मपाल घामानं भिजला होता.

विमान टोरंटोला टेकलं, तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

बाहेर नावांच्या पाट्या धरून माणसं उभी होती. त्यातल्या एका गोऱ्या बाईकडं बघून दीक्षानं हात वर केला. बाईजवळ चाकांची खुर्ची होती. पाटीवर वरती हॉस्पिटल लिहिलेलं धम्मपालनं ओळखलं, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घेता आला. म्हणजे हिनं गुपचूप सगळी सोय करून ठेवली होती! ऑपरेशन इथंच होणार होतं. आता लपवालपवी संपली.

त्यानं पुढं होऊन दीक्षासाठी खुर्ची ओढली, आणि पाटीवरची खालची ओळ एकेक अक्षर जुळवत वाचली.

मिस्टर धम्मपाल कांबळे.