काचेवरची पेन्सिल

“आता भावोजींच्या भुवईने तुझं काय घोडं मारलंय?” फोटो स्टुडिओचे मास्तर म्हणाले. सकाळपासून चिंगीने हा विषय चौथ्यांदा काढला होता.

चिंगी त्यांच्याकडे काचेवर पेन्सिल मारायचं काम करत असे. गिऱ्हाइकाचा फोटो काचेवर उतरला की बारीक टोकाच्या पेन्सिलीने त्या काचेवरच सुरकुत्या, पुटकुळ्या, डाग भरून टाकायचे. मग कागदावर चेहरा कसा तुळतुळीत छापून येतो. पोरीचा हात छान होता. स्वभाव मात्र असा, की दाराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जाणार आणि ते ओढून बघायला परत येणार.

“ताई-भावोजींच्या फोटोत भुवई साफ आहे,” ती म्हणाली. “आणि आता तिथे बोटभर व्रण. परवा जेवताना विचारलं, तर म्हणाले लहानपणी जिन्यावरून पडलो. मग फोटोत का नाही?”

“मी बुजवला असेल. आपला धंदाच तो आहे, बाई.”

“असेल म्हणजे? नक्की आठवत नाही?”

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला आणि ते काळ्या पडद्याआड गेले.

चिंगीचं चित्त काही थाऱ्यावर येईना. भावोजी नऊ वर्षांपूर्वी बोटीवरच्या नोकरीसाठी पहाटे घरातून निघाले, एकट्या ताईने त्यांना निरोप दिला, आणि त्यानंतर ना पत्र ना निरोप. चिंगी तेव्हा दहा वर्षांची; तिने त्यांना जेमतेम दोनदा पाहिलं होतं. यंदा ताईच्या चुलतसासऱ्यांनी एकाएकी उचल खाल्ली. माझा पुतण्या गेला कुठे, कुठल्याच बोटीच्या यादीत त्याचं नाव नाही, असा अर्ज घेऊन ते फौजदाराकडे गेले. आणि पंधरा दिवसांत भावोजी स्वतःच दारात उभे! मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्याने आवाज वेगळा वाटतो म्हणून कुरकुर केली, पण बायकोच ओळखते म्हटल्यावर फौजदाराने कागद मिटून ठेवले.

तेव्हापासून ताईच्या घरात नुसता प्रेमाला ऊत आला होता. भावोजी विहिरीचं पाणी भरत, ताईच्या हातातलं जड भांडं काढून घेत. दोघं स्वयंपाकघरात काहीतरी पुटपुटत आणि हसत. नऊ वर्षं तोंड न दाखवणाऱ्या नवऱ्याला कुठलीही बायको आधी चांगलं फैलावर घेईल. ताईने एका शब्दाने विचारलं नाही की होतात कुठे. आपली भोळी बहीण कुणा भामट्याच्या जाळ्यात सापडली आहे, या विचाराने चिंगीला अन्न गोड लागत नव्हतं.

“तुला खात्री आहे ना गं?” तिने परवाच विचारलं होतं.

“माझा नवरा मला कळत नाही आणि तुला कळतो?” ताई उखडली. “तू जरा लोकांच्या तोंडाकडे बघणं सोड. दुसरा उद्योग नाही का तुला?”

हाच तर तिचा उद्योग होता. दुपारी मास्तर जेवायला बसल्यावर ती फळीवर चढली आणि जुन्या काचांची खोकी उपसू लागली. शिंकून शिंकून नाक लाल झालं, पण काच सापडली: लग्नानंतर वर्षभराने काढलेल्या ताई-भावोजींच्या फोटोची. तिने फडक्यावर टर्पेंटाइन घेतलं आणि दोन्ही चेहऱ्यांवरची पेन्सिल पुसून काढली. मग काचेखाली छपाईचा कागद घालून चौकट उन्हात ठेवली.

कागदावर भुवई उमटली. साफ, अखंड. पेन्सिलीखाली व्रण नव्हताच.

ताईच्या गालावर मात्र काळसर पट्टा उमटला होता आणि गळ्याशी ओळीने चार डाग. काच जुनी झाली, वरचा मसाला खराब झाला असेल, म्हणून चिंगीने तिकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

मास्तरांनी ते चित्र उजेडाला धरून ताईचा चेहरा निरखून पाहिला.

“चिंगे, काचेवर परत पेन्सिल मार,” ते शेवटी म्हणाले. “आणि होती तिथे ठेवून दे.”

“हे बरं आहे! मी खरी ठरले तरी गप्प मीच बसायचं?” चिंगी चिडून म्हणाली. चित्र पदराखाली घेऊन ती निघाली ती तासाभराने ताईच्या घरी पोहोचली.

ताई एकटीच होती, कपड्यांच्या घड्या घालत. चिंगीने चित्र तिच्यापुढे ठेवलं.

“ताई, हा घरातला माणूस भावोजी नाही. धीर धर, रडू नकोस.”

ताईने चित्र पाहिलं. रडली नाही. हातातल्या सदऱ्याची घडी नीट पुरी केली.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून.”

“माहीत आहे? आणि तरी तू त्याला घरात—”

“चांगला माणूस आहे. मला जपतो. आता हे फाडून टाक आणि तोंड मिटून घरी जा. इतक्या वर्षांत माझं एवढं एक ऐक.”

“कसं मिटू? उद्या तुझ्या जिवाला काही झालं म्हणजे?” चिंगीला बहिणीच्या या भोळेपणाचा अगदी वीट आला. “मी येतानाच चौकीवर सगळं सांगून आले. फौजदार निघालेत. या तोतयाला तर धरतीलच, पण खरे भावोजी कुठे गेले याचाही तपास पहिल्यापासून करणार म्हणाले. आता तू काही काळजी करू नकोस.”

ताई घड्यांच्या ढिगाशेजारी खाली बसली.

“याला मीच शोधून आणला होता, चिंगे,” ती म्हणाली. “खरा कुठे आहे, हे कुणी विचारू नये म्हणून.”