भाऱ्याला हात

वॉर्सातल्या राजाच्या जुन्या बागेत लेकानं चंद्राबाईला हौसेनं तळं दाखवलं, तळ्यातला महाल दाखवला. तिची नजर मात्र माळ्यांनी नुकत्याच कापलेल्या गवतावर खिळली. पाटणला तिचे मालक वारले तेव्हाच म्हैस विकली होती, पण तो ओला वास नाकात शिरला आणि तिला राहवेना. "एवढी वैरण वाया घालवत्यात व्हय रं?" म्हणत तिनं गवताचाच आळा वळून भारा बांधला, मफलरची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि गुडघ्यात वाकून सवयीनं म्हणाली, "आवं, जरा हात लावा." भाऱ्याला हात लावणारा माणूस आता कुठून यायचा? लेकानं इकडंतिकडं पाहिलं, हातमोजे काढून खिशात कोंबले, भारा उचलला आणि वडील द्यायचे तसा अलगद तिच्या डोक्यावर दिला. ती ताठ उभी राहिली. "आता ह्यो कुठं न्हिऊ रं?"